उपरोध कोणाच्या बाजूचा?

मावळातल्या एका महाविद्यालयात मी इंग्रजी साहित्य शिकवतो. माझ्या वर्गातली मुले आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या गावांतून येतात. काही लोणावळ्याच्या वस्त्यांतून चालत येतात, तर काही देहूरोडहून लोकल पकडून. यांतल्या बहुतेकांच्या घरात महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडणारी ही पहिलीच पिढी होय.

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात एक प्रहसन झाले. त्यात वाडीवरून बंगल्यावर कामाला आलेला एक गडी होता. त्याला ‘स्विच’ म्हणता येत नव्हते, ‘फ्रीज’ म्हणता येत नव्हते. तो ‘न’ आणि ‘ण’ मध्ये गोंधळ करी आणि प्रत्येक गोंधळावर सभागृह खदखदून हसे. पुढच्या रांगेत बसलेले पाहुणेही हसले. दुसऱ्या दिवशी वर्गात जोनाथन स्विफ्ट शिकवायचा होता. मी ‘सटायर’ची व्याख्या फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, कालचं नाटक सटायर होतं का?”

तिचे वडील लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर माळीकाम करतात हे मला ठाऊक होते. मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिले. ते तिला पटले नाही आणि मलाही पटले नाही. तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करावयास हवा. मराठीत आपण उपहास, विडंबन, व्यंग, उपरोध हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. परंतु उपहास म्हणजे कोणाला तरी हसण्याचा विषय करणे, आणि तो कोणीही कोणाचाही करू शकतो. विडंबन म्हणजे एखाद्या रचनेची नक्कल करून तिचा डौल उतरविणे. उपरोधात या दोन्ही गोष्टी साधने म्हणून येतात, पण त्याचे काम वेगळे असते. समाजात जे प्रतिष्ठित आहे आणि स्वतःला न्याय्य, पवित्र व शहाणे म्हणवून घेते, त्याचा आतला अन्याय त्याच्याच भाषेत उघडा करणे हे ते काम होय. म्हणजे उपरोधाला दिशा असते. ही दिशा सोडली की मागे केवळ हसणे उरते, आणि केवळ हसण्याला कोणताही बळी चालतो.

इंग्रजी साहित्यात या दिशेचा सर्वांत धारदार नमुना म्हणजे स्विफ्टचा ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’, अर्थात ‘एक नम्र प्रस्ताव’. तो १७२९ साली प्रसिद्ध झाला. आयर्लंड तेव्हा इंग्लंडच्या टाचेखाली होते. जमिनी बहुतांशी इंग्रज जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या आणि त्यांतले अनेकजण इंग्लंडात बसून खंड वसूल करीत. डब्लिनच्या रस्त्यांवर लेकुरवाळ्या बाया भीक मागत. या प्रश्नावर अर्थशास्त्राची जाण असलेला एक सभ्य गृहस्थ देशहिताच्या कळवळ्याने उपाय सुचवितो. गरिबांची मुले वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटात वाढावीत, हा त्याचा उपाय. तो आकडेमोड करतो. दर वर्षी गरिबांच्या पोटी १ लाख २० हजार मुले जन्मतात. त्यांतली २० हजार पैदाशीसाठी राखावीत आणि उरलेली १ लाख विकावीत. एका मुलाची किंमत १० शिलिंग. मांस महाग पडेल, म्हणून ते जमीनदारांनाच शोभेल. आईबापांना त्यांनी आधीच खाल्लेले असल्यामुळे मुलांवर पहिला हक्क त्यांचाच, असा त्याचा युक्तिवाद आहे.

ही सूचना वाचून अंगावर काटा येतो. परंतु स्विफ्टचे खरे कौशल्य लेखनाच्या स्वरात आहे. हा गृहस्थ कुठेही ओरडत नाही. सरकारी अहवाल ज्या थंडपणे माणसांची गणती करतो, त्याच थंडपणे तो बोलतो. वाचकाच्या ध्यानात येते की ही क्रूरता या गृहस्थाने शोधून काढलेली नाही. माणसाला आकडा समजणारी भाषा आधीपासून चालूच होती. त्याने तिला फक्त शेवटच्या पायरीपर्यंत नेले. आणि शेवटाकडे तो खरे उपायही सांगून जातो. परदेशी बसून खंड खाणाऱ्या जमीनदारांवर कर बसवावा, देशी माल वापरावा, कुळांवर दया दाखवावी. पण असल्या उपायांची माझ्यापुढे कोणी भाषा काढू नये, असे तो बजावतो. त्याला खरोखर म्हणायचे असते ते या नाकारण्यातच असते.

स्विफ्टच्या आधी डॅनियल डिफोने हीच रीत वापरली होती. डिफो हा राजमान्य चर्चच्या बाहेरच्या पंथाचा. त्याच्या पंथाच्या लोकांना सरकारी पदे बंद होती. १७०२ साली त्याने कट्टर चर्चवाल्याचा मुखवटा चढवून एक पत्रक निनावी छापले. पंथबाह्य लोकांचा एकदाच समूळ नायनाट करावा, असे त्यात सुचविले होते. गंमत अशी की काही चर्चवाल्यांनी ते खरेच समजून त्याची वाहवा केली. लेखक कोण हे कळल्यावर मात्र त्याला तुरुंग घडला आणि १७०३ च्या जुलैत तीन दिवस लंडनच्या चौकांत खोड्यात उभे राहावे लागले. या प्रकरणातून दोन गोष्टी कळतात. एक, उपरोध खरा लागला की सत्ता त्याला विनोद म्हणून सोडून देत नाही. दोन, मुखवटा फारच हुबेहूब बसला तर काही वाचक त्यालाच चेहरा समजतात. दुसऱ्या गोष्टीकडे मी पुढे परत येणार आहे.

आता आपल्याकडे वळू. इंग्रजीच्या प्राध्यापकांना एक खोड असते. सटायर हा प्रकार इंग्रजांबरोबर आगबोटीतून आला, अशा थाटात ते शिकवतात. मीही कित्येक वर्षे तसेच शिकवले. पण जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ स्विफ्टच्या शेजारी ठेवून वाचली की ही समजूत गळून पडते.

‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून ती उलगडत जाते. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन, परशुराम या अवतारांच्या कथा धोंडीबा विचारतो आणि जोतीराव त्यांचा अर्थ लावतात. या ग्रंथात परशुरामाला लिहिलेले एक जाहीर पत्र आहे. त्यावर १ ऑगस्ट १८७२ ही तारीख आहे. आपण चिरंजीव आहात असे आपलेच लोक सांगतात, तेव्हा सहा महिन्यांच्या आत हजर व्हावे, अशा आशयाची ही नोटीस आहे. म्हणजे कोर्टकचेरीतून कुळवाड्याच्या घरावर जी नोटीस लागते, ती येथे अवतारी पुरुषाच्या नावाने निघाली आहे. जोतीराव परशुरामाचे चिरंजीवित्व नाकारीत नाहीत. ते त्यावर पूर्ण विश्वास ठेवतात आणि त्याला मुदत घालतात. बाकीचे काम मुदतच करते.

याची जोड पाहायची तर पुन्हा स्विफ्टकडे जावे लागते. लंडनमध्ये जॉन पार्ट्रिज नावाचा एक ज्योतिषी पंचांगे छापून लोकांचे भविष्य सांगे. १७०८ साली स्विफ्टने आयझॅक बिकरस्टाफ हे खोटे नाव घेऊन आपलेही भविष्य छापले की २९ मार्चच्या रात्री पार्ट्रिज तापाने मरेल. तारीख उलटताच त्याच्या मृत्यूचे वर्तमानही छापून टाकले. बिचारा पार्ट्रिज ‘मी जिवंत आहे’ असे सांगत राहिला. स्विफ्टने जिवंत ज्योतिष्याला त्याच्याच शास्त्राने मेलेला ठरविले. जोतीरावांनी न मरणाऱ्याला त्याच्याच ख्यातीच्या जोरावर हजर राहण्याचे फर्मान काढले. एकाने दुसऱ्याचे घेतले असे मी म्हणत नाही. अंधश्रद्धेला तिच्याच न्यायासनापुढे उभे करण्याची बुद्धी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे जागी झाली, एवढेच म्हणणे आहे.

पण दोघांत एक मोठा फरक आहे आणि दलित साहित्याच्या अभ्यासकाने तो नजरेआड करता कामा नये. स्विफ्ट हा डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन, म्हणजे आयर्लंडवर राज्य करणाऱ्या प्रॉटेस्टंट वर्गातला प्रतिष्ठित माणूस. त्याला गरिबांविषयी संताप होता तसा गरिबांवरही राग होता. त्याच्या प्रस्तावात भिकारणी आहेत, मुले आहेत, पण त्यांतले कोणीही एक शब्द बोलत नाही. ‘गुलामगिरी’त धोंडीबा बोलतो. तो विचारतो, शंका काढतो, अडवतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तेथे तोंड आहे. १८५५ साली जोतीरावांनी लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकातही अडाणी कुणबी जोडप्याला नाडणारा जोशी आहे आणि त्याच्या प्रत्येक चालीवर बोट ठेवणारा विदूषकही आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाला हसवितो. जोतीरावांचा विदूषक नाडल्या जाणाऱ्या जोडप्याची बाजू घेतो.

सत्यशोधकी परंपरेत हे मुखवट्याचे शस्त्र पुढेही चालत राहिले. तरवडीच्या ‘दीनमित्र’चे संपादक मुकुंदराव पाटील यांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ पाहा. नाव ऐकताच श्रीधराचे ‘शिवलीलामृत’ आठवते आणि तेच लेखकाला अभिप्रेत आहे. गावोगाव भक्तिभावाने ऐकल्या जाणाऱ्या पोथीचा ओवीबद्ध साज त्यांनी उचलला आणि त्यात कुळांना दफ्तराच्या फासात अडकविणाऱ्या कुलकर्ण्याच्या ‘लीला’ गाइल्या. इंग्रजीत पोपने १७१२ मध्ये ‘द रेप ऑफ द लॉक’ लिहिताना महाकाव्याचा झगा एका कापलेल्या केसाच्या बटेवर चढविला होता. तंत्र तेच, परंतु पोपचे हसू दिवाणखान्यातले आहे. मुकुंदरावांचे हसू सातबाऱ्याच्या जाचाखालचे आहे. पोथी ऐकायची सवय असलेल्या कानांना त्यांनी पोथीच्याच चालीवर हिशेब ऐकविला.

जलशांनी हेच रंगमंचावर केले. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्यातला माल बदलला. गण राहिला, पण त्यातले स्तवन बदलले. सोंगाड्या राहिला, पण तो आता पाटलाची करमणूक करीना; भटाला, सावकाराला प्रश्न विचारू लागला. पुढ्यात बसलेला प्रेक्षक आणि सोंगाड्या एकाच वस्तीतले. तेव्हा येथे हसणारा, बोलणारा आणि सोसणारा हे तिघे एकाच बाजूला उभे होते. इंग्रजी उपरोधाच्या इतिहासात असा योग फार क्वचित दिसतो.

याच्या पुढची अवस्था अशी येते की वास्तवच इतके विकट असते की त्याची अतिशयोक्ती करणे शक्य होत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी व त्यांच्या सोबतच्या लोकांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतर सवर्णांनी ते तळे पंचगव्याने शुद्ध करून घेतले. गुरांनी तोंड लावलेल्या पाण्याला माणसाचा स्पर्श विटाळतो आणि गाईचे शेण-मूत्र ते शुद्ध करते! अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून युद्ध करणारे लिलिपुटचे लोक स्विफ्टने १७२६ मध्ये कल्पनेने निर्माण केले. आपल्याकडे कल्पनेला तेवढीही जागा उरली नव्हती. अशा वेळी उपरोधकाराला एकच गोष्ट करता येते. दोन सत्ये शेजारीशेजारी मांडायची आणि बाजूला व्हायचे. १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’त राजा ढाले यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लिहिताना हेच केले. राष्ट्रध्वजाच्या अवमानाची शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेची शिक्षा त्यांनी एकाच तराजूत टाकली. आकडे सरकारचे, कायदा सरकारचा. ढाल्यांनी फक्त ते जवळ आणले. गदारोळ उठला तो त्यांच्या शब्दांवरून, त्या हिशेबावरून नव्हे. स्विफ्टच्या १० शिलिंगांचा आणि या दंडाच्या रकमेचा गोत्रसंबंध जो ओळखतो त्याला सटायर समजले, असे मी आता वर्गात सांगतो.

येथून मी त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. प्रहसनातला गडी आणि जोतीरावांचा धोंडीबा यांत फरक कसा ओळखावा? मला एक साधी कसोटी सापडली आहे. कोणत्या हास्याला परवानगी लागते, हे पाहावे.

‘तृतीय रत्न’ दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. १७२४ मध्ये स्विफ्टने आयर्लंडवर लादल्या जाणाऱ्या हलक्या नाण्यांविरुद्ध कापडवाल्याच्या नावाने पत्रे लिहिली, तेव्हा छापणाऱ्याला तुरुंगात टाकले गेले आणि लेखकाचे नाव सांगणाऱ्याला ३०० पौंडांचे इनाम लागले. सारे डब्लिन ते नाव जाणत होते, पण कोणी सांगितले नाही. कोडे घालणे हीही उपरोधाचीच एक रीत. बाबासाहेबांचा ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा ग्रंथ शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा राम-कृष्णावरील भाग वगळण्यासाठी मोर्चे निघाले आणि तो राहावा म्हणून १९८८ मध्ये दलित समाजाला मुंबईत रस्त्यावर यावे लागले. त्याही मागे जायचे तर आमची इंद्रायणी आहे. ती लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते, मावळातून वाहते आणि देहूला पोहोचते. दंभावर कोरडे ओढणाऱ्या तुकोबांच्या वह्या याच पाण्यात बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. गड्याच्या बोलीवर हसणाऱ्या प्रहसनाला मात्र कोणत्याही काळी परवानगी मागावी लागलेली नाही.

पुढच्या वर्षी मी वर्गाला सांगितले की आपापल्या गावाचा ‘नम्र प्रस्ताव’ लिहून आणा. एका मुलाने पाण्यावर लिहिले. लोणावळ्याच्या भोवती पावसाचे धुमशान असते. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचे पाणी घाट उतरून खोपोलीला जाते आणि १९१५ पासून तेथे वीज होते. त्याच्या वाडीतल्या बायका मात्र होळीनंतर झऱ्यावर रात्र काढतात. त्याने शांतपणे हिशेब मांडला. वाडीत ४० घरे, घरटी रोज ४ हंडे, म्हणजे १६० हंडे. उन्हाळ्याच्या ४ महिन्यांत १९ हजार २०० हंडे. वाडीने पाणी पिण्याची सवय एवढे चार महिने सोडली तर ही सारी बचत बंगल्यांच्या पोहण्याच्या तलावांना देता येईल. ते तलाव घासायला वाडीचीच पोरे जातात, तेव्हा त्यांना पाणी निदान पाहायला मिळेल, हा जादा लाभ.

वर्ग आधी गप्प झाला, मग हसला. ते हसू मागल्या वर्षीच्या सभागृहातल्या हसण्यासारखे नव्हते. मी तो प्रस्ताव संमेलनात वाचण्यासाठी सुचविला. “लेखन चांगले आहे, पण प्रसंग आनंदाचा आहे,” असे उत्तर आले. त्याच कार्यक्रमात एक नवे प्रहसन होते. त्यात पुन्हा एक गडी होता.

मुलाने तो प्रस्ताव १४ एप्रिलला वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात वाचला. बाया हसल्या. एकीने पदर तोंडाला लावला. मग एक म्हातारी म्हणाली, “आरं बाळा, हसलो ते ठीक हाय. पर ह्यो कागद आता कुनाला द्यायचा?”

डिफोच्या प्रकरणात मी जो धोका सांगितला, त्याला हे म्हातारीचे उत्तर आहे. उपरोध आडवळणाने बोलतो. ज्याला ऐकायचे नसते तो त्याला विनोद म्हणून खिशात घालतो. शिक्षकांच्या खोलीत एकजण मला म्हणालाच होता, “झकास जोक आहे हो.” म्हणून उपरोधाच्या खाली सरळ भाषेतला अर्ज जोडलेला असावा लागतो. स्विफ्टने खरे उपाय नकाराच्या आड लपविले. जोतीरावांनी नोटीस काढली तशा शाळाही काढल्या, आणि १८८२ साली हंटर कमिशनपुढे सरळ निवेदनही दिले. त्या रात्री मुलांनी प्रस्तावाच्या पाठीवरच विहिरीचा अर्ज लिहिला. त्यावर ४० अंगठे आणि सह्या आहेत. अर्ज संबंधित कचेरीत दिला आहे; उत्तर अजून आलेले नाही.

ती मुलगी आता पदवीधर झाली आहे. तिला मी आता असे उत्तर देईन. बाई, ते सटायर नव्हते. त्या नाटकात तुझे वडील हसण्याचा विषय होते आणि ज्याच्या बंगल्याची बाग ते शिंपतात तो पहिल्या रांगेत बसून हसत होता. ज्या दिवशी पहिली रांग अस्वस्थ होईल आणि मागची रांग हसेल, त्या दिवशी ओळख की सटायर सुरू झाले. आणि हसून झाल्यावर मागच्या रांगेतले कोणी उठून “हा कागद कोणाला द्यायचा?” असे विचारील, तेव्हा समज की ते पुरे झाले.